पायांना पटणारी चाल

(बँड, वाद्यं आणि पथकं यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे मास्तर लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झाले. आता मुक्काम उदगीर.)

प्रश्न : मास्तर, नमस्कार. मी कंधार तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. पेटी थोडीफार येते म्हणून बँडही माझ्याच गळ्यात पडला. पथकात २६ लेकरं आहेत : ट्रम्पेट ६, क्लॅरिनेट ४, युफोनियम (जाड आवाजाचं पितळी वाद्य) २, साइड ड्रम ८, मोठे ढोल २, झांजांची जोडी १ आणि बिगुल ३. गेल्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तालुक्याच्या मैदानावर अकरा शाळांची पथकं आली होती. त्यातल्या नऊ जणांनी ‘कदम कदम बढाये जा’ वाजवलं. आम्हीही त्या नवातलेच. शेवटी शेवटी पाहुणे टाळ्यासुद्धा वाजवेनात. यंदा संचलन झाल्यावर प्रत्येक पथकाला आठ मिनिटं उभं राहून वाजवायला मिळणार आहेत. फारसं कुणी न वाजवलेलं, तरी देशभक्तीचंच, असं काय घ्यावं? मोबाइलवर शोधलं की तीच ती दहा गाणी येतात.

उत्तर : मॅडम, नऊ शाळांचं मला नवल वाटलं नाही. उरलेल्या दोघांनी काय वाजवलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्याची मात्र चुटपुट लागून राहिली. ‘कदम कदम’चा काही दोष नाही. कॅप्टन रामसिंह ठाकुरींनी आझाद हिंद सेनेसाठी बांधलेली ती चाल इतकी सरळ आहे की लेकरं आठ दिवसांत उचलतात. म्हणून सगळे मास्तर तिच्याकडं पळतात. मीही पळालेलो आहे.

आधी ‘वेगळं काहीतरी’ या हौसेत माणूस कुठं घसरतो ते सांगतो. एका शाळेनं १५ ऑगस्टला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. (शाळेचं नाव घेत नाही, तिथले संस्थाचालक मला अजून चहा पाजतात.) पथक ऐटीत आत आलं आणि ट्रम्पेटवर सुरू झाला एल्गार या इंग्रज संगीतकाराचा ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’चा पहिला मार्च. ही चाल १९०१ची. पुढच्याच वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी तिच्यावर शब्द बसवले गेले. हा एडवर्ड तेव्हा आपलाही बादशहा होता, आणि त्या शब्दांत इंग्लंडच्या सीमा अजून पसरोत, अजून रुंद होवोत अशी प्रार्थना आहे. म्हणजे स्वातंत्र्यदिनी आपली लेकरं छाती काढून ते मागत होती! शिक्षकाला विचारलं तर म्हणाला, “सर, पदवीदानाच्या व्हिडिओत ऐकलं, भारी वाटलं.” चाल भारी आहेच, मी नाही कुठं म्हणतो? पण सोयरीक करताना आपण घराणं विचारतो की नाही? अनोळखी चालीचंही विचारावं.

दुसरी फसगत याहून गोड आहे. कुणीतरी तुम्हाला सुचवील की आझाद हिंद सरकारचं १९४३चं कौमी गीत ‘शुभ सुख चैन’ घ्या, कुणाला माहीत नाही. खरंच फार जणांना माहीत नाही. त्याच्या शब्दांत हात असलेले आबिद हसन तर आपल्याच हैदराबादचे, नेताजींबरोबर पाणबुडीतून गेलेले. पण त्याची चाल ‘जन गण मन’चीच आहे. तुम्ही ते वाजवत मैदानात शिराल, अर्धे लोक सावधान उभे राहतील, अर्धे एकमेकांकडं बघतील, आणि तुमची लेकरं मात्र चालत असतील. ते गीत वर्गात शिकवा, गोष्टीसकट शिकवा, बँडवर नको.

आता निवडायचं कसं. मराठीनं ‘चाल’ हा एकच शब्द सुरांनाही ठेवलाय आणि पायांनाही, त्यात निम्मं उत्तर आहे. शाळेच्या पथकाची तेज चाल मिनिटाला ११६ ते १२० पावलं. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर. ज्या गाण्याची सम (तालाची पहिली मात्रा) डाव्या पायावर सुखानं येत नाही ते गाणं कितीही थोर असो, चालायच्या कामाचं नाही. आठ मात्रांचा केरवा चालतो. सहा मात्रांचा दादरा वेग वाढवला तर चालतो, तीन मात्रांना एक पाऊल धरून. रूपकाच्या सात मात्रा नि झपतालाच्या दहा घेऊन चालायला गेलात तर तिसऱ्या ओळीत पथक लंगडायला लागेल. हा प्रयोग मी केलेला आहे, तपशील विचारू नका.

आणि तुम्ही तर मराठीच्या. तुमच्याकडं एक हत्यार आहे जे आम्हा बँडवाल्यांकडं नसतं : तुम्हाला शब्दांच्या मात्रा मोजता येतात. चाल ऐकायच्या आधी ओळ कागदावर लिहा आणि लघु-गुरू मांडा, लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘झंडा ऊँचा रहे हमारा’ घ्या. चार, चार, तीन, पाच. सोळा. ‘विजयी विश्व तिरंगा प्यारा’ याही सोळा. आपल्या पादाकुलक वृत्ताची आठ-आठ. दोन मात्रांना एक पाऊल धरलं की ओळ बरोबर आठ पावलांत संपते आणि पुढची ओळ पुन्हा डाव्या पायावर सुरू होते. ना ओढाताण, ना उसना ठोका.

माझी पहिली शिफारस हेच झेंडागीत. तुम्ही म्हणाल, हे कुठं कमी माहितीचं? म्हणून विचारतो, कुणाला कमी माहितीचं? श्यामलाल गुप्त ‘पार्षद’ यांनी ते १९२४ मध्ये लिहिलं, १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसमध्ये ते गाजलं, आणि एक काळ असा होता की प्रभातफेरी म्हटलं की हेच. आज तुमच्या २६ लेकरांपैकी किती जणांना त्याचं दुसरं कडवं येतं, विचारून बघा. त्या मैदानावर मांडवाच्या पहिल्या रांगेत जे ऐंशीच्या पुढचे आजोबा बसवलेले असतात, त्यांना मात्र ते पाठ असतं. नातवाला नवं आणि आजोबाला जुनं अशी चाल सापडली की ती सोडू नये.

दुसरी शिफारस, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं महाराष्ट्रगीत, ‘बहु असोत सुंदर संपन्न की महा’. आता याच्या मात्रा मोजा : सहा, सहा, सहा आणि शेवटच्या ‘हा’च्या दोन. एकूण वीस. ‘प्रिय अमुचा एक महाराष्ट्र देश हा’ ही ओळही तशीच तंतोतंत. लय दादऱ्याची आहे, म्हणून बँडवाले त्याच्या वाटेला जात नाहीत. पण शेवटच्या ‘हा’वर चार मात्रा थांबलात की चोवीस होतात, आणि तीन मात्रांना एक पाऊल धरलं की आठ पावलं! ओळ चार सेकंदांत जाते. या चालीत लेकरं नुसती चालत नाहीत, किंचित डुलतात. साइड ड्रमवाल्यांना आधी चुकल्यासारखं वाटेल, कारण त्यांच्या हाताला दोन-दोनची सवय असते. त्यांना आठवडाभर काठ्या न देता मांडीवर ‘धा धिं ना, धा तिं ना’ वाजवायला लावा. आणि एक गोष्ट लेकरांना सांगा. कोल्हटकर १९३४ मध्ये वारले. त्यांनी हा देश ‘प्रिय अमुचा एक’ म्हणून गायला तेव्हा आपलं कंधार निजामाच्या राज्यात होतं, आणि ते त्यातून सुटलं १७ सप्टेंबर १९४८ला. तुमच्या मैदानावर, त्याच तारखेला, ते गाणं वाजणं मला तरी सगळ्यात शोभतं.

संचलनाला एवढं पुरे. मैदान आधी पावलांनी मोजून घ्या. शाळकरी लेकराचं पाऊल साठ सेंटिमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे मिनिटात सत्तर-बहात्तर मीटर. फाटकापासून व्यासपीठापर्यंत शंभर मीटर असतील तर साधारण वीस-एकवीस ओळी लागतील. हे गणित न केल्यामुळं दरवर्षी कुणाचं तरी धृपद व्यासपीठ ओलांडल्यावर येतं आणि सलामीच्या जागी नुसता ढोल बडवला जातो.

उभं राहून वाजवायची आठ मिनिटं हा वेगळा मामला आहे. पायांची सक्ती तिथं संपते, म्हणून तिथं पुन्हा मार्चच वाजवत बसू नका. माझं मत विचाराल तर त्या आठ मिनिटांत मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांची ‘वंदे मातरम्’ची चाल आलीच पाहिजे.

त्यामागची हकीकत अशी. स्वातंत्र्य मिळाल्यावर राष्ट्रगीत कोणतं असा विचार सुरू होता, तेव्हा ‘वंदे मातरम्’ बँडवर नीट वाजत नाही असा आक्षेप होता. खुद्द पंडित नेहरूंचं तसं मत होतं. आपल्या मास्टर कृष्णरावांनी हे मनावर घेतलं. गाणारा माणूस, ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत देणारा, पण त्यांनी मिश्र झिंझोटी रागात अशी चाल बांधली की ती समूहाला गाता यावी आणि बँडला वाजवता यावी. मुंबईच्या पोलीस बँडकडून ती वाजवून घेतली, दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सदस्यांपुढं प्रात्यक्षिकं दिली. पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान दिला गेला. पण ती चाल उरली. बँडसाठी म्हणून एका मराठी गवयानं जिवाचं रान करून केलेली चाल, आणि आपल्या शाळांचे बँड ती वाजवत नाहीत! ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं. ऐका, चारदा ऐका, मग पेटीवर काढा.

मराठवाड्याला तर या गीताचं देणं आहे. १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबादच्या कॉलेज वसतिगृहांतली पोरं ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून काढून टाकली गेली. पुष्कळ जण नागपूरला जाऊन शिकले. त्यातलेच एक पी. व्ही. नरसिंह राव. निवेदन करणाऱ्या मुलीला एवढी तीन वाक्यं द्या. जास्त नको, निवेदन लांबलं की ट्रम्पेटवाल्यांचे ओठ थंड पडतात.

पट्टीची खबरदारी इथं सगळ्यात महत्त्वाची. झिंझोटीचा जीव मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात आहे, खालच्या धैवत-पंचमाशी तो घुटमळतो. तुम्ही सवयीनं काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी) धराल, कारण ट्रम्पेटला तीच सोपी. पण तिथं मंद्र पंचम ट्रम्पेटच्या अगदी तळाशी जातो आणि उघड्या मैदानावर तो सूर दहा फुटांपलीकडं पोचत नाही. म्हणून षड्ज काळी दोनला घ्या. मग खालचा पंचम ट्रम्पेटच्या त्या सुरावर येतो जो पहिल्या महिन्यात शिकवतात, आणि लेकरू तो झोपेतही काढतं. पांढरी दोन, पांढरी तीन, पांढरी सहा या पट्ट्यांच्या वाटेला जाऊच नका. गाणाऱ्या बाईंना त्या सोयीच्या वाटल्या तरी ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्यांना त्यांत चार, पाच, सहा तीव्र (शार्प) सूर सांभाळावे लागतात. कोमल निषाद क्लॅरिनेटकडं द्या. मींड वगैरे ट्रम्पेटवर करायला जाऊ नका. सरळ सूर, लांब श्वास. नाही तर वरातीची आठवण येते.

हे गीत औपचारिक ध्वजवंदनात घुसवू नका, तिथली पद्धत ठरलेली असते. आठ मिनिटांच्या शेवटी ठेवा. सुरू झालं की लोक आपोआप उभे राहतील, आणि उभ्या राहिलेल्या माणसांना पुन्हा बसवून आणखी एक गाणं ऐकवणं बरं दिसत नाही.

आता मधल्या चार मिनिटांचं. इथं मी तुम्हाला गाण्याचं नाव देणार नाही, कारण ते तुमच्याच तालुक्यात आहे. माझी आजी दळताना दोन ओळींची एक चाल गुणगुणायची. शब्द अर्धवट : झेंडा, रझाकार, कुणीतरी वेशीत उभं आहे. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबायची नि पुन्हा पहिलीपासून. पुढं पचमढीच्या लष्करी संगीत विद्यालयात शिकत असताना एकदा मी ती क्लॅरिनेटवर काढली, तर उस्तादांनी विचारलं, “कहाँ की धुन है?” मला सांगता येईना. सुट्टीत घरी आलो तोवर आजी गेली होती. तिसरी ओळ काय होती, आजतागायत माहीत नाही.

म्हणून सांगतो, या सुट्टीत चार लेकरांना मोबाइल देऊन म्हाताऱ्या माणसांकडं पाठवा. १९४८ ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे, फार उशीर करू नका. “आजी, प्रभातफेरीत काय म्हणायचे?” एवढंच विचारायचं आणि गप बसायचं. दहा ठिकाणी काही मिळणार नाही, अकराव्या ठिकाणी मिळेल. असल्या चाली बहुधा पाच-सहा सुरांतच फिरतात. माझ्या आजीची ‘सा रे ग प ध’ एवढ्यावर होती. हे आपल्या फायद्याचं आहे. तुमच्या तीन बिगुलांना पडदे (दाबायच्या कळा) नाहीत, त्यांच्यातून सा, प आणि वरचे सा, ग, प एवढेच सूर निघतात. म्हणून तर ती पोरं इतर गाण्यांत नुसती शोभेला उभी असतात. अशा चालीत सा, ग, प ही तीन घरं त्यांची. बिगुल ट्रम्पेटच्याच सुरातले असतील तर ही चाल काळी पाचला घ्या आणि बिगुलांना प्रत्येक ओळीच्या शेवटी जाब द्यायला लावा, पोवाड्यातल्या ‘जी जी रं जी’सारखा. बघा त्यांचे चेहरे.

त्याखाली ठेका संबळाचा. तुळजापूर आणि माहूर या दोन ठाण्यांच्या मधला आपला मुलूख, गोंधळी प्रत्येक गावात आहे. एखाद्या संबळवाल्याला दोन दिवस शाळेत बोलवा, आणि हो, त्याला मानधन द्या, नुसती शाल नको. साइड ड्रमच्या पोरांनी त्याचे बोल आधी तोंडानं म्हणायचे, मग काठीनं. त्याची एक काठी टोकाला वाकडी असते, मोठ्या तोंडावर ती घासून घुमारा काढतात; ड्रमवर तो निघत नाही, तेवढा मोठ्या ढोलाकडून काढून घ्यायचा. आणि जमलं तर त्या दिवशी त्यालाच पथकाच्या मध्ये उभा करा.

प्रश्न : वस्ताद, आमचा गेवराईत बँड आहे, लग्नसराईचा. २६ जानेवारीच्या फेरीसाठी आम्हाला बोलावणं आहे. चालता चालता राष्ट्रगीत वाजवा म्हणतात. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ पण सांगितलंय. वाजवावं का?

उत्तर : भाऊ, राष्ट्रगीत चालताना बिलकूल नाही. ते उभं राहून, पूर्ण, साधारण ५२ सेकंदांत. बँडवर वाजवायचं तर आधी ड्रमचा रोल, संथ चालीच्या सात पावलांएवढा. हळू सुरू करून चढवायचा, मग उतरवायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू यायला हवा. एक ठोका थांबायचं आणि मग गीत. रोल यासाठी की लोकांना कळावं आणि त्यांनी सावध व्हावं.

दुसरं गाणं राजा बढेंचं, चाल श्रीनिवास खळ्यांची, गायलं शाहीर साबळ्यांनी. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत आहे, त्यामुळं त्यालाही लोक सावधान उभे राहतात. फेरी थांबते त्या चौकात वाजवा. चालताना काय वाजवायचं ते वरच्या उत्तरात आहे, मॅडमच्या दोन्ही चाली तुमच्या वाद्यांवर बसतील. फक्त एक विनंती, कडव्यांच्या मध्ये ती नागिणीची धून घालू नका. सवय असते, मला ठाऊक आहे.

प्रश्न : सर, मी जालन्यात कॉलेजला आहे आणि क्लॅरिनेट वाजवतो. सूझा या अमेरिकन संगीतकाराच्या मार्चचं नोटेशन फुकट मिळतं, आणि ते ऐकायला जबरदस्त आहेत. देशभक्तीचे म्हणून वाजवले तर?

उत्तर : वाजव की बाळा, पण २६ जानेवारीला नको. जॉन फिलिप सूझानं १३० हून जास्त मार्च लिहिले. त्यातला सगळ्यात गाजलेला ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर’ १८९६चा, आणि १९८७ पासून तो कायद्यानं अमेरिकेचा राष्ट्रीय मार्च आहे. आपल्या प्रजासत्ताकदिनी दुसऱ्याचा राष्ट्रीय मार्च! ‘वॉशिंग्टन पोस्ट’ तर देशभक्तीचाही नाही, १८८९ मध्ये एका वर्तमानपत्राच्या निबंधस्पर्धेच्या बक्षीस समारंभासाठी केलेला.

सूझाकडून शिकायचं ते बांधणीचं. आधी छोटी प्रस्तावना. मग सोळा बारांचा पहिला भाग, दोनदा. मग दुसरा भाग, तोही दोनदा. आणि मग येतो ट्रायो, म्हणजे तिसरा भाग. तिथं तो मध्यमाला षड्ज करतो. आधी काळी पाचला असलेलं सगळं एकदम काळी दोनला जातं, बहुधा हळू आवाजात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपण अंगणातून माजघरात आलो. हीच युक्ती झेंडागीतावर करून बघ : धृपद पहिला भाग, कडवं दुसरा भाग, आणि तिसऱ्या वेळी मध्यम धरून फक्त क्लॅरिनेट नि युफोनियम, ट्रम्पेट गप. मग शेवटी सगळे.

नव्या भारतीय रचना ऐकायच्या असतील तर दरवर्षी २९ जानेवारीचा विजय चौकातला बीटिंग रिट्रीट बघत जा. २०२३ मध्ये तिथं वाजलेल्या २९ धून सगळ्या भारतीय होत्या. आणि ‘शंखनाद’ शोध. आपल्या नागपूरच्या डॉ. तनुजा नाफडे यांनी शास्त्रीय रागांवर बांधलेली लष्करी धून, २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी राजपथावर वाजली. ती आधी कानांनी उतरव, नोटेशनच्या मागं लागू नकोस. क्लॅरिनेटवाल्याचा कान हीच त्याची दुसरी पत्ती (रीड) असते. पहिली पत्ती मात्र उन्हात ठेवू नकोस, जालन्याच्या उन्हात ती दोन तासांत वाकते.

प्रश्न : सप्टेंबरात पावसानं ढोलाची कातडी सैल पडते. शेकावी का? (एक पालक, परभणी)

उत्तर : हलगी शेकतात, कारण ती हातात धरून जाळापुढं फिरवता येते. मोठ्या ढोलाला ते जमत नाही, एका जागी कडकते आणि फाटते. दमट दिवसात लोक बोल्ट आवळत जातात आणि तसाच ढोल कपाटात ठेवतात. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की कातडं आकसतं आणि आवळलेल्या जागी चिरतं. वाजवण्यापुरतं आवळा, वाजवून झालं की प्रत्येक बोल्ट सारखा सैल करा, समोरासमोरच्या जोडीनं. एका शाळेनं दोन वर्षांत तीन कातडी बदलली ती एवढ्याच कारणानं. पैसे असतील तर प्लॅस्टिकचा पडदा बसवा. आवाज थोडा पत्र्यासारखा येतो, त्याला आतून जुनी चादर लावा.